उदासीचीं औषधें आणि त्यांचा पालट



आजच्या भाषणाचा विषय वैद्यकाचा आहे, पण बोलणारा वैद्य नाहीं. मी येरमाळ्याचा एक निवृत्त शाळामास्तर. मुलांना इतिहास शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. खेड्यांतल्या मास्तराला शाळेबाहेरहि एक काम असतें, तें म्हणजे लोकांचे कागद वाचून देण्याचें. पूर्वीं लोक पत्रें आणि सातबाराचे उतारे घेऊन येत. अलीकडे डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळ्यांची पट्टी घेऊन येतात. 'मास्तर, ही गोळी जुनीच कीं नवी ? दोन्ही घ्यायच्या का एकच ?' असा त्यांचा प्रश्न असतो. गेल्या कांहीं वर्षांत ह्या पट्ट्यांमध्यें एका जातीच्या गोळ्या वारंवार दिसूं लागल्या आहेत. त्या मनाच्या उदासीवरील गोळ्या होत. त्या चालू असतां कधीं कधीं बदलाव्या लागतात. बदलतांना त्रास होतो. आणि त्रासाचें कारण ठाऊक नसल्यामुळें कित्येक जण जुनें व नवें अशीं दोन्ही औषधें एकाच दिवशीं उकिरड्यावर फेकून देतात. हा पालट कठीण कां जातो, आणि तो सुखरूप पार पाडण्याची रीत माणसानें कोणती किंमत देऊन शिकून घेतली, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे. औषध कोणतें व किती घ्यावें हें डॉक्टरांनींच सांगावें. तें कसें सांपडलें, एवढें सांगण्याचा अधिकार मात्र इतिहासाच्या मास्तराला आहे, असें मी समजतों.

प्रथम शब्दाचा घोळ निस्तरूं. पीक बुडालें, घरचें माणूस गेलें, म्हणजे मन खिन्न होतें. तो दुःखाचा धर्मच आहे. त्याला गोळी नको, माणसें हवींत. पण कधीं कधीं कारण असो वा नसो, आठवड्यांमागून आठवडे मन उठतच नाहीं. भूक जाते, पहांटे तीनलाच डोळे उघडतात, हातांतलें काम सुटतें, आणि आपण जगण्याला अपात्र आहों असें वाटूं लागतें. ह्या आजाराला आमच्या भागांत वेगळें नांव नव्हतें. 'जीव रमत नाहीं', 'डोकें बधिर झालें', 'बाहेरचें कांहीं लागलें' असें म्हणून वेळ मारून नेत असत. आमच्या गांवच्या डोंगरावर येडेश्वरी देवीचें ठाणें आहे. चैत्री पौर्णिमेला तिची मोठी यात्रा भरते. येडाई ह्या तिच्या नांवाचा संबंध लोककथा 'वेडी' ह्या शब्दाशीं जोडते. ज्या शब्दापुढें आपण यात्रेंत माथा टेकतों, तोच शब्द घरांतल्या आजारी माणसाला लागला कीं आपण दार लावून घेतों, हें आपलें वागणें विचार करण्यासारखें आहे.

ह्या आजाराशीं आमच्या जिल्ह्याची ओळख फार कडू रीतीनें झाली. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, ह्या दोन जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें ढिगाऱ्याखालीं गेलीं आणि सुमारें आठ हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. जे वाचले त्यांच्या मनांची तपासणी डॉक्टरांनीं केली. तिचा प्राथमिक अहवाल १९९६ सालीं अमेरिकेंतील एका मानसोपचाराच्या नियतकालिकांत छापला गेला. तपासलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक लोकांना मनाचा विकार जडलेला आढळला, आणि त्यांत आघातानंतरचा विकार व उदासी हे दोन मुख्य होते. पुढें दुष्काळ आले, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या. २०१५ सालीं राज्य शासनानें मराठवाडा व विदर्भ येथील चौदा जिल्ह्यांसाठीं 'प्रेरणा प्रकल्प' हातीं घेतला. त्यांत आमचाहि जिल्हा होता. आशा सेविका घरोघर जाऊन मनाची विचारपूस करूं लागल्या, आणि ज्यांना गरज दिसली त्यांना दवाखान्यांत पाठवूं लागल्या. अशा रीतीनें उदासीची गोळी खेड्यांत आली. तिचा इतिहास मात्र तिच्याबरोबर आला नाहीं.

तो इतिहास आपल्याच देशांतल्या एका मुळीपासून सुरू करतां येतो. सर्पगंधा हें झुडूप वैद्यांना पुरातन काळापासून ठाऊक होतें. १९३१ सालीं कलकत्त्यांत गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्या दोघांनीं वैद्यकीय नियतकालिकांत लेख लिहून असें कळविलें, कीं ही मुळी उन्मादावर आणि रक्तदाबावर गुणकारी आहे. पाश्चात्य डॉक्टरांनीं तिकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. १९४९ सालीं मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनीं आपल्या रक्तदाबाच्या रोग्यांवरील अनुभव इंग्लंडमधील हृदयरोगाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला, तेव्हां कोठें जगाचे डोळे उघडले. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें बासल येथील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं त्या मुळींतून रिसर्पीन नांवाचें सत्त्व वेगळें काढलें. १९५७ सालीं ज्यांना अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें, त्यांत डॉ. वकीलहि होते.

पण ह्या औषधाची दुसरी बाजू लौकरच दिसली. रक्तदाबासाठीं रिसर्पीन घेणाऱ्या रोग्यांपैकीं कांहीं जण खिन्न होत आहेत, कांहींच्या मनांत जीव देण्याचे विचार येत आहेत, अशा नोंदी १९५४-५५ च्या सुमारास होऊं लागल्या. हा संबंध वाटला तितका पक्का नव्हता असें पुढच्या संशोधकांनीं दाखविलें आहे. तरी त्या वेळीं त्यानें मोठें कुतूहल जागें केलें. १९५५ सालीं अमेरिकेंत बर्नार्ड ब्रॉडी ह्यांच्या प्रयोगशाळेंत असें आढळलें, कीं रिसर्पीन शरीरांतील सिरोटोनिन नांवाच्या द्रव्याचा सांठा रिता करतें. मनाच्या स्थितीला रसायनाचा आधार असूं शकतो, ही कल्पना ह्या प्रयोगांनीं बळावली. सिरोटोनिन कमी म्हणजेच उदासी, असें सोपें समीकरण आज जाणते लोक मांडीत नाहींत. पण पुढचीं बहुतेक औषधें ह्याच वाटेनें शोधलीं गेलीं.

योगायोग असा, कीं उदासीवरचें पहिलें औषध क्षयाच्या दवाखान्यांत सांपडलें. न्यूयॉर्कमधील स्टेटन बेटावर सी व्ह्यू नांवाचें क्षयरोग्यांचें रुग्णालय होतें. तेथें १९५२ च्या सुमारास इप्रोनियाझिड ह्या नव्या औषधाचे प्रयोग चालले होते. जे रोगी अंथरुणाला खिळले होते ते जेवूं लागले, हंसूं लागले, मार्गिकेंत नाचूं लागले. १९५७ सालीं डॉ. नेथन क्लाइन ह्यांनीं तेंच औषध क्षय नसलेल्या उदास रोग्यांना देऊन त्याचा गुण जाहीर केला. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्यें कॉन्स्टन्स सरोवराच्या कांठीं म्युन्स्टरलिंगेन येथील डॉ. रोलंड कून हे बासलच्याच गायगी कंपनीनें धाडलेलें एक औषध आपल्या रोग्यांना देऊन पाहत होते. तें दुसऱ्याच आजारासाठीं आलें होतें आणि त्या आजारावर त्याचा उपयोग झाला नाहीं. १९५६ च्या जानेवारींत त्यांनीं तें एका उदास स्त्रीला दिलें, आणि कांहीं दिवसांत तिच्यांत पालट दिसला. हेंच इमिप्रमीन. सप्टेंबर १९५७ मध्यें झुरिच येथील जागतिक परिषदेंत कून ह्यांनीं हा शोध वाचून दाखविला, त्या वेळीं ऐकावयाला जेमतेम डझनभर माणसें होतीं असें सांगतात. दुसऱ्याच वर्षीं औषध युरोपांत बाजारांत आलें.

आपल्या मुळीवर काम करणारी सिबा आणि इमिप्रमीन काढणारी गायगी ह्या दोन कंपन्या १९७० सालीं एक झाल्या. सिबाचें एक संशोधन केंद्र १९६३ पासून मुंबईस गोरेगांव येथें होतें. त्याचे पहिले संचालक डॉ. टी. आर. गोविंदाचारी हे वनस्पतींतील सत्त्वांचे मोठे जाणकार होते. ह्याच केंद्रांत इमिप्रमीनच्या कुळांतलें नायट्रॉक्साझेपीन हें औषध घडलें आणि १९८२ सालीं 'सिंटामिल' ह्या नांवानें भारतांत विक्रीला आलें. भारताची मुळी बासलला गेली, आणि त्या घराण्याची विद्या फिरून गोरेगांवास आली. उदासीच्या औषधाला 'परक्यांची गोळी' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळतों. औषधें सांपडलीं तीं सुखासुखीं नाहींत. माणसाला त्यांपासून तीन धडे घ्यावे लागले, आणि पालटाच्या वेळीं हे तिन्ही धडे एकदम उपयोगीं पडतात.

पहिला धडा असा, कीं ह्या औषधांचा त्रास आधीं येतो आणि गुण मागून येतो. इमिप्रमीन घेणाऱ्याचें तोंड पहिल्याच दिवसांपासून कोरडें पडे, शौचास खडा होई, घाम सुटे, उठतांना चक्कर येई. मन उजळण्यास मात्र दोन ते चार आठवडे लागत. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेंत फ्लुओक्सेटिनला परवानगी मिळाली आणि तेव्हांपासून नव्या कुळांतल्या गोळ्यांचें युग सुरू झालें. ह्या गोळ्या हृदयाला कमी जाचक आहेत. पण त्यांतहि पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, झोप उडणें, जिवाची तगमग हे प्रकार होतातच. बहुतेकांच्या बाबतींत ते पुढें ओसरतात. रोगी मात्र आठव्या दिवशीं म्हणतो, 'गुण कांहींच नाहीं, उलट त्रासच वाढला.' त्याचें म्हणणें खोटें नसतें. फक्त तें अर्ध्या वाटेवरचें असतें.

दुसरा धडा असा, कीं औषध एकाएकीं सोडलें तर सोडण्याचाच वेगळा त्रास होतो. इमिप्रमीन बाजारांत येऊन वर्ष होतें न होतें तोंच, १९५९ सालीं, तें अचानक बंद केलेल्या रोग्यांना मळमळ, चक्कर, थरथर व निद्रानाश होत असल्याच्या नोंदी छापल्या गेल्या. तरीहि हा विषय पुढें तीस वर्षें मागें पडला. १९९० नंतर नव्या गोळ्यांच्या बाबतींत त्याच तक्रारी येऊं लागल्या. कांहींनीं डोक्यांत वीज चमकून गेल्यासारखा झटका बसतो असें सांगितलें. ह्याचें प्रमाण किती, ह्यावर बरीच वर्षें वाद चालला. २०२४ सालीं अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, कीं औषध थांबविणाऱ्या सहासात जणांत एकाला खुद्द थांबविण्यामुळें त्रास होतो, आणि सुमारें पस्तिसांत एकाला तो तीव्र स्वरूपाचा होतो. फार थोड्या दिवसांच्या अभ्यासांवर हा आंकडा बेतला आहे, वर्षानुवर्षें औषध घेणाऱ्यांस त्रास अधिक होतो, असा कांहीं तज्ज्ञांचा त्यावर आक्षेप आहे. मतभेद आंकड्याचा आहे. त्रास खरा आहे ह्याविषयीं आतां दुमत नाहीं.

ह्या त्रासावरून लोक दोन चुकीचे तर्क काढतात. एक म्हणजे 'ह्या गोळीचें व्यसन लागलें.' अफूच्या किंवा दारूच्या व्यसनांत जी ओढ असते, मात्रा वाढवीत नेण्याची जी हांव असते, ती येथें नसते. शरीरानें औषध गृहीत धरून आपली घडी बसविलेली असते. औषध एकदम काढलें कीं ती घडी विसकटते. दुसरा तर्क म्हणजे 'आजार उलटला.' ह्याचा निवाडा बहुधा दिवस मोजल्यानें होतो. सोडण्याचा त्रास दोनचार दिवसांतच उभा राहतो, आणि त्यांत चक्कर व झटके अशीं उदासींत नसणारीं लक्षणें असतात. आजाराची पुनरावृत्ति सावकाश, आठवड्यांच्या गतीनें येते. फ्लुओक्सेटिनसारखें औषध शरीरांत कित्येक दिवस रेंगाळतें, म्हणून त्याचा त्रास उशिरा व सौम्य येतो. व्हेन्लाफॅक्सिन किंवा पॅरोक्सेटिन लौकर ओसरतें, म्हणून एक गोळी चुकली तरी कित्येकांना जाणवतें.

तिसरा धडा सर्वांत महाग पडला. तो असा, कीं एक औषध शरीरांत असतांना दुसरें ओतलें तर दोघांचें भांडण होऊं शकतें. इप्रोनियाझिडच्या कुळांतलीं औषधें शरीरांतलें एक विकर अडवून ठेवतात. १९६० नंतर इंग्लंडमध्यें हीं औषधें घेणाऱ्या कांहीं रोग्यांचा रक्तदाब एकाएकीं भडकूं लागला, कांहीं दगावले. एका रुग्णालयाच्या औषधनिर्मात्यानें आपल्या पत्नीला चीज खाल्ल्यावर भयंकर डोकेदुखी होते हें ताडलें, आणि १९६३ सालीं डॉ. बॅरी ब्लॅकवेल ह्यांनीं जुन्या मुरलेल्या चीजशीं असलेला त्याचा संबंध उघड केला. १९८४ सालीं न्यूयॉर्कमध्यें लिबी झायन ह्या अठरा वर्षांच्या मुलीचा मृत्यु झाला. ती ह्याच कुळांतलें औषध घेत होती, आणि रुग्णालयांत तिला पेथिडीन दिलें गेलें. मृत्यूच्या कारणाविषयीं न्यायालयांत वाद झाला, पण ह्या दोन औषधांच्या संयोगाकडे जगाचें लक्ष वेधलें गेलें. तिच्या वडिलांच्या चिकाटीमुळें १९८९ सालीं त्या राज्यांत शिकाऊ डॉक्टरांच्या कामाच्या तासांना मर्यादा पडली. सिरोटोनिन वाढविणारीं दोन औषधें एकत्र आलीं तर ताप, घाम, थरथर, अंग ताठणें, भ्रम असा जो विकार होतो, त्याचीं लक्षणें १९९१ सालीं नीट बांधून दिलीं गेलीं. म्हणूनच त्या जुन्या कुळांतून नव्या कुळांत जातांना चौदा दिवस रिकामे सोडावे लागतात, आणि फ्लुओक्सेटिन सोडून त्या कुळांत जावयाचें तर पांच आठवडे थांबावें लागतें.

हे तीन धडे एकत्र ठेवले, म्हणजे पालटाचा काळ इतका अवघड कां असतो हें कळतें. त्या दोनचार आठवड्यांत जुन्या औषधाच्या सोडण्याचा त्रास, नव्या औषधाच्या सुरुवातीचा त्रास, आणि मूळ आजार असे तिघेहि एकाच घरांत राहतात. आणि नव्या औषधाचा गुण अजून वाटेवरच असतो. अशा वेळीं रोग्याला कोणता त्रास कोणाचा हें उमगत नाहीं.

आमच्याच भागांतली एक गोष्ट सांगतों. एका वस्तीवरच्या तरुण शेतकऱ्याची गोळी डॉक्टरांनीं बदलली. जुनी हळूहळू कमी करून नवी चढवावयाची होती. चिठ्ठीवर तसें लिहिलेंहि होतें, पण तें इंग्रजींत. नव्या गोळीनें पांच दिवस मळमळ झाली, झोप गेली. सहाव्या दिवशीं त्यानें दोन्ही बंद केल्या. दोन दिवसांनीं वळतांना भोंवळ, डोक्यांत झटके, विनाकारण रडूं. घरच्यांना वाटलें, बाहेरचें लागलें. देवऋषी झाला, अंगारा झाला. त्याची बायको धीराची. तिनें पट्ट्या आणि चिठ्ठी पदरांत बांधली आणि माझ्याकडे घेऊन आली. मीं चिठ्ठी वाचून दाखविली आणि दोघांना त्याच दिवशीं डॉक्टरांकडे पाठविलें. डॉक्टरांनीं जुनी गोळी पुन्हां थोडी चालू केली, नवीची मात्रा अर्धी केली, आणि प्रत्येक आठवड्याचा हिशेब मराठींत लिहून दिला. दीड महिन्यानें तो पेरणीला उभा होता. ह्यांत चमत्कार कांहींच नाहीं. पण त्या दोन दिवसांत तो विहिरीकडे जाऊन बसत असे, हें तिनें मला फार हळू आवाजांत सांगितलें होतें. पट्टी उकिरड्यावर टाकण्यानें काय होऊं शकतें, तें ह्यावरून समजावें.

औषध बदलावें लागणें ही रोग्याची हार नव्हे, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. अमेरिकेंत चार हजारांवर रोग्यांचा एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाले. पहिल्या औषधानें सुमारें एकतृतीयांश रोग्यांचीच उदासी पूर्ण हटली असें त्यांत दिसलें. तो आंकडाहि जास्तच आहे अशी टीका पुढें झाली. म्हणजे बहुतेकांना पुढची पायरी चढावी लागते. कोणाचा कुलूप कोणत्या किल्लीनें उघडेल हें आधीं सांगण्याचें साधन अजून हातीं आलेलें नाहीं.

पालट करण्याच्या रीती तीन आहेत. एक, जुनें थांबवून दुसऱ्याच दिवशीं नवें धरावयाचें. जवळच्या कुळांतलीं औषधें असलीं तर हें चालतें. दोन, जुनें कमी करीत पूर्ण सोडावयाचें, मध्यें कांहीं दिवस रिकामे ठेवावयाचे, मग नवें धरावयाचें. तीन, जुनें उतरवीत असतांनाच नवें चढवीत जावयाचें. कोणती रीत कोणाला, हें औषधांच्या जोडीवर, रोग्याच्या वयावर व इतर आजारांवर ठरतें, आणि तें ठरविणें डॉक्टरांचें काम.

ह्या तिसऱ्या रीतीचें वर्णन वाचतांना मला आपल्या वैद्यकांतल्या ऋतुसंधीची आठवण होते. वाग्भटानें अष्टांगहृदयांत सांगितलें आहे, कीं सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस मिळून ऋतुसंधि होते. तिच्यांत जुना आहारविहार क्रमाक्रमानें सोडावा आणि नवा क्रमाक्रमानें धरावा. एकदम सोडण्या-धरण्यानें रोग उद्भवतात. चरकानेंहि अंगवळणीं पडलेली अहितकर संवय थोडी थोडी सोडून हितकर संवय तशीच थोडी थोडी लावण्याचा क्रम सांगितला आहे. त्यांना आजच्या गोळ्या ठाऊक होत्या असें म्हणणें हास्यास्पद होईल. ते अन्नाविषयीं व आचाराविषयीं बोलत होते. पण ज्या गोष्टीला शरीर सरावलें आहे ती हिसकावून घेऊं नये, हें निरीक्षण त्यांचें आणि आजच्या डॉक्टरांचें एकच आहे.

आजच्या संशोधनानें त्यांत एका बारकाव्याची भर घातली आहे. २०१९ सालीं लंडनमधील दोन संशोधकांनीं असें मांडलें, कीं ह्या गोळ्यांची थोडी मात्राहि मेंदूवर बराच परिणाम करते. त्यामुळें वीसाची दहा केली तर फरक कमी पडतो, आणि शेवटच्या पांचाची शून्य केली तर मोठा पडतो. येडाईचा डोंगर उतरणाऱ्याला हें समजावून सांगावयाला नको. वरच्या पायऱ्या सपाट व सोप्या असाव्यात आणि शेवटची पायरी पुरुषभर उंचीची असावी, तसा हा प्रकार आहे. तेथें मध्यें आणखी लहान पायऱ्या बांधाव्या लागतात. म्हणून ज्याला शेवटीं त्रास होतो त्यानें निराश न होतां डॉक्टरांजवळ लहान पायऱ्या मागाव्यात.

आतां घरच्या माणसांनीं काय करावें, तें थोडक्यांत सांगतों. चिठ्ठींतला क्रम डॉक्टरांकडूनच मराठींत लिहून घ्यावा. एकाच औषधाला अनेक कंपन्यांचीं अनेक नांवें असतात. म्हणून पट्टीवरचें मोठें नांव न पाहतां बारीक अक्षरांतलें मूळ नांव जुळवावें, नाहीं तर एकच औषध दोन नांवांनीं दुप्पट घेतलें जातें. मळमळ होत असेल तर गोळी जेवणानंतर घेतलेली चालेल का, झोप उडत असेल तर सकाळीं घेतां येईल का, हें विचारावें. चक्कर येत असेल तोंवर मोटारसायकल हातीं घेऊं नये, विहिरीच्या कांठावर व उंचावर काम करूं नये. दारू वर्ज्य करावी. दुसरें कोणतेंहि औषध घेण्याआधीं ही गोळी चालू असल्याचें सांगावें. खोकल्याच्या कांहीं औषधांतील डेक्स्ट्रोमेथॉर्फन, दुखण्यावरचें ट्रामाडॉल, आणि क्षयाच्या हट्टी रोगावरचें लिनेझोलिड ह्यांचा ह्या गोळ्यांशीं संघर्ष होऊं शकतो. क्षयाच्या औषधांतून सुरू झालेली गोष्ट अशी फिरून क्षयाच्याच औषधांपाशीं येते.

कांहीं लक्षणें दिसलीं तर घरीं वाट पाहत बसूं नये. जोराचा ताप, अंग ताठणें, स्नायु उडणें व भ्रम, म्हाताऱ्या माणसाचें एकाएकीं बरळणें, अंगावर पुरळ, किंवा उदास माणूस अचानक अतिउत्साही होऊन न झोपतां अखंड बोलूं लागणें, ह्यांपैकीं कांहींहि झालें तर त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. औषध सुरू करतांना किंवा बदलतांना, विशेषतः पंचविशीच्या आंतल्या मुलामुलींत, जीव देण्याचे विचार वाढूं शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्यानें २००४ व २००७ सालीं दिला आहे. म्हणून त्या काळांत रोग्याला एकटें ठेवूं नये, कीटकनाशकाचे डबे कुलपांत ठेवावे, आणि 'मनांत मरणाचे विचार येतात का ?' हें सरळ विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत भरत नाहीं; उलट सांगणाऱ्याचें ओझें हलकें होतें. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न समजतां तीव्र मानसिक ताणाखालीं असलेला समजावें, असें २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें ठरविलें आहे. रात्रीं-अपरात्रीं बोलावयाला कोणी नसेल तर केंद्र सरकारची 'टेली मानस' ही दूरध्वनि-सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६. तेथें मराठींत बोलतां येतें आणि पैसे पडत नाहींत.

एक शेवटची सूचना मास्तराच्या धंद्याला धरून करतों. गोळी बदलली त्या दिवशीं भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत ती तारीख गोल करावी, आणि पुढें रोज त्या चौकटींत दोनचार शब्द लिहावे : झोप किती तास, जेवण किती, मळमळ आहे कीं नाहीं, झटके किती, मन कसें. लिहितां येत नसेल तर घरांतल्या शाळेच्या मुलाकडून लिहवून घ्यावें. तीन आठवड्यांनीं तें पान डॉक्टरांपुढें ठेवलें, म्हणजे कोणता त्रास सोडण्याचा, कोणता धरण्याचा आणि कोणता मूळ आजाराचा, हें त्यांना दिवसांवरून लावतां येईल. सरोवराच्या कांठच्या त्या डॉक्टरांनीं उदासीचें औषध ओळखलें तें तरी रोग्यांकडे रोज पाहूनच. तें पाहणें आपल्या घरींहि करतां येण्यासारखें आहे.